कच्चं बिल

सेलूच्या मोंढ्यामागं आमचं दुकान होतं.
आमचं म्हणजे मालकाचं. मी हाताखालचा,
गल्ल्याजवळच्या स्टुलावर, कानाला पेन अडकवून.
डोक्यावर पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
पाटीही मीच रंगवली होती.
'परत'मधला त जरा कलला,
मालक म्हणाले, राहू दे, लोक अर्थ वाचतात, अक्षर नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर जैतुनबी आली.
शेवयाच्या मशीनला मोटार पाहिजे होती,
तांब्याच्या तारेची. दोन महिन्यांचा हंगाम,
त्यावर उरलेले दहा महिने.
मालकानं मोटारीवरून असा हात फिरवला
जसा बाजारात म्हशीच्या पाठीवरून फिरवतात.
"पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वरून.
कच्चं बिल असलं म्हणून काय झालं, माणसं तर पक्की आहेत?"
ती हसली. मीही हसलो.
त्या हसण्याची बाकी माझ्याकडं अजून निघते.

चिठ्ठीवर लिहिलं: जैतुनबी, मोटार एक, सहा हजार चारशे.
"तारीख राहू दे," मालक हळूच म्हणाले
आणि मी राहू दिली.

अकराव्या दिवशी मोटारीनं धूर सोडला.
आत तार ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा रंग.
तिच्या दारात लोकांचे गहू भिजवून ठेवलेले,
बाया कामून उशीर म्हणून विचारायला लागल्या.
चुंबळीवर घागर आणावी तशी
ती मोटार डोक्यावर घेऊन आली.
मालकानं पाटीकडं बोट केलं.
तिला वाचता येत नव्हतं.
"वाचून दाखव रे बाईला."
मी वाचलं.
मोठ्यानं. शेवटच्या शब्दापर्यंत.

पुढचं मला उडत उडत कळलं.
तिची शाहीन अकरावीला होती, तिनं वहीच्या कागदावर तक्रार लिहिली,
दोघी परभणीला गेल्या, आयोगात,
सकाळच्या पॅसेंजरनं, डब्यात भाकरी-ठेचा घेऊन.
जी एक तारीख मी लिहिली नाही
तिच्यापायी जैतुनबीनं नऊ तारखा केल्या.

मालकाचा वकील म्हणाला, ही बाई आमच्या दुकानात आलीच नाही.
मग म्हणाला, आली असली तरी ती शेवया विकते,
म्हणजे व्यापारी झाली, ग्राहक कशी?
बाकावरच्या बाईंनी चष्मा काढला.
"मशीन कोण चालवतं?"
"मी."
"अजून कोण?"
जैतुनबीनं दोन्ही हात पुढं केले. पिठानं फुटलेले.
अजून कोणी नव्हतं.

राहिली ती चिठ्ठी. ना शिक्का, ना सही.
तेव्हा शाहीननं मोबाईल काढला,
त्यात आमच्या पाटीचा फोटो.
एकीकडं 'परत', एकीकडं 'जैतुनबी',
दोन्हीकडं तोच कललेला त.
त म्हणलं की ताकभात ओळखणारी माणसं
तिथंही होती.
मी साक्ष दिली नाही. मला कोणी बोलावलं नाही,
आणि न बोलावता जाण्याइतका मी मोठा नव्हतो.
माझं अक्षर गेलं होतं माझ्याआधी.

पैसे मिळाले, वरती त्रासाचे तीन हजार.
हंगाम मात्र कोणी परत केला नाही,
तो कुठल्या कलमात बसत नसावा.

आता बसस्टँडजवळ माझीच टपरी आहे.
होल्डर, पिना, एलईडी बल्ब.
परवा जैतुनबी आली. बल्ब घेतला, नव्वद रुपयांचा.
न मागता बिल फाडलं, नाव, नंबर, शिक्का,
तारीख ठळक.
वाटलं, आता काही बोलेल. गेलं ते गेलं, असं काही.
तिनं कागद उलटसुलट पाहिला,
माझ्यासमोर धरला, तारखेवर बोट ठेवलं.

"वाच."

मी वाचलं.
"अजून एकदा," ती म्हणाली,
आणि बल्ब लावून दाखवायला सांगितला.